खोलीत सामावलेली बाल्कनी: ‘सेलिब्रिटी एज’ जहाजावरील केबिनचे प्रकरण

फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल बंदरात 4 डिसेंबर 2018 रोजी मलाला युसुफझाई यांच्या हस्ते ‘सेलिब्रिटी एज’ या नव्या प्रवासी जहाजाचे नामकरण झाले. फ्रान्समधील सँ-नाझेर येथील गोदीत बांधलेले हे जहाज 306 मीटर लांबीचे आणि सुमारे 1,30,000 ग्रॉस टनांचे असून दोघांमागे एक केबिन या हिशेबाने त्यात सुमारे 2,900 प्रवाशांची सोय होते. 2008 पासून आलेल्या सॉल्स्टिस वर्गानंतर (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजे) सेलिब्रिटी क्रूझेसने काढलेला हा पहिलाच नवा मोठा वर्ग होता. केबिनच्या अंतर्गत रचनेचे काम केली हॉपेन या नामवंत ब्रिटिश संकल्पनाकाराकडे दिलेले होते आणि जाहिरातीचा मोठा भार ‘इन्फिनिट व्हरांडा’, म्हणजे उघड्या बाल्कनीऐवजी खोलीतच सामावलेला व्हरांडा, या एका नव्या कल्पनेवर होता. पुढील काळात या जहाजाविषयी जी नाराजी सातत्याने व्यक्त झाली, तिचे केंद्रही हाच व्हरांडा ठरला. विशेषतः याच कंपनीच्या जुन्या जहाजांवरून प्रवास केलेल्या आणि बाल्कनीच्या सवयीने नवी केबिन घेतलेल्या प्रवाशांचा अपेक्षाभंग झाला.

या प्रकरणात काहीही मोडलेले नव्हते, हे आरंभीच नोंदवले पाहिजे. खिडकी ठरल्याप्रमाणे उघडते, दारे ठरल्याप्रमाणे मिटतात, खोली देखणी आहे. केबिनविषयीच्या नेहमीच्या तक्रारी, म्हणजे गळका नळ, वरच्या डेकवरचा आवाज, खिडकीसमोर आलेली जीवरक्षक नौका, येथे गैरलागू आहेत. रचना जशी योजिली होती तशीच उतरली आणि तरीही ती अनेकांना आवडली नाही. त्यामुळे दोष कारागिरीत न शोधता मूळ निर्णयात शोधावा लागतो.

खोलीची रचना

नेहमीच्या बाल्कनी-केबिनमध्ये खोली संपते तेथे सरकते काचेचे दार असते, दाराला उंबरठा असतो, आणि त्यापलीकडे उघड्या हवेतला छोटा सज्जा व कठडा असतो. ‘एज’वरील या केबिनमध्ये खोली थेट जहाजाच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेलेली आहे. शेवटच्या पट्ट्यात दोन खुर्च्या व लहान टेबल मावते. हा पट्टा आणि उरलेली खोली यांच्यामध्ये घडीची काचेची दारे असून ती मिटून पट्टा वेगळा करता येतो किंवा बाजूला दुमडून सगळी जागा एक करता येते. बाहेरची संपूर्ण भिंत काचेची आहे. बटण दाबले की या काचेचा वरचा अर्धा भाग खाली उतरतो आणि खालचा स्थिर भाग कठड्याचे काम करतो.

कागदावर ही योजना आकर्षक दिसते, आणि काही बाबतीत ती खरोखरच चांगली आहे. जोराच्या वाऱ्यात किंवा पावसात ज्या बाल्कनीकडे कोणी फिरकत नाही, ती जागा येथे बारा महिने वापरता येते. जमीन जवळजवळ सलग असल्यामुळे गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला उंबरठा ओलांडावा लागत नाही. दिवसाचा उजेड पलंगापर्यंत पोहोचतो. खोलीत पाऊल ठेवताच ती मोठी वाटते, हेही खरे आहे.

चौरस फुटांचा हिशेब

जुन्या वर्गाच्या तुलनेत ही केबिन 23 टक्के मोठी आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. सॉल्स्टिस वर्गातील व्हरांडा-केबिनची खोली सुमारे 194 चौरस फूट आणि व्हरांडा सुमारे 54 चौरस फूट, म्हणजे एकूण 248. ‘एज’वरील नेहमीच्या इन्फिनिट व्हरांडा केबिनचे आकडे अनुक्रमे सुमारे 202 आणि 42, म्हणजे एकूण 244. खोलीची तुलना खोलीशी केली तर वाढ 8 चौरस फुटांची, म्हणजे जेमतेम 4 टक्के भरते. एकुणाची तुलना एकुणाशी केली तर प्रवाशाच्या वाट्याला आलेली जागा किंचित कमीच झालेली दिसते. 23 टक्क्यांच्या आसपासची वाढ हवी असेल, तर नव्या केबिनचा व्हरांडा खोलीत धरावा लागतो आणि जुन्या केबिनचा व्हरांडा हिशेबाबाहेर ठेवावा लागतो. आत घेतलेल्या जागेवर छत, भिंत आणि गालिचा असल्यामुळे तिला खोली म्हणणे चुकीचे आहे, असे मी म्हणणार नाही. पण मग तीच जागा दुसऱ्यांदा बाल्कनी म्हणून मोजता येत नाही, आणि आरक्षण करताना प्रवासी मात्र बाल्कनी असलेल्या वर्गातच पैसे मोजत होता.

महाराष्ट्रातील घर घेणाऱ्यांना हा प्रकार अनोळखी नाही. मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये बाल्कनी बंद करून ती हॉलमध्ये घेणे, तेथे सरकत्या खिडक्या बसवणे आणि चार पाहुणे जास्त बसवणे ही पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. तसे करणाऱ्या कुटुंबाला नेमके काय मिळाले आणि काय गेले याची पूर्ण कल्पना असते, कारण निर्णय त्याने स्वतः घेतलेला असतो. शिवाय 2016 च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या करताना सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा त्यातून स्पष्टपणे वगळला, त्यामुळे बांधकाम व्यावसायिकाला दोन्हीकडे एकच जागा दाखवणे अवघड झाले. जहाजाच्या केबिनचे क्षेत्र कसे सांगावे याविषयी पर्यटकाला असे संरक्षण नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडे देते, आणि ‘व्हरांडासह’ व ‘व्हरांडा वगळून’ यांतील फरक माहितीपत्रकाच्या तळाशी शोधावा लागतो.

नदीवरील कल्पना समुद्रावर

खाली उतरणाऱ्या काचेची कल्पना कंपनीने शून्यातून निर्माण केलेली नव्हती. युरोपातील ऱ्हाईन व डॅन्यूब नद्यांवरील प्रवासी जहाजांवर, उदाहरणार्थ एमराल्ड वॉटरवेज कंपनीच्या ताफ्यात, ती आधीपासून रूढ होती. तेथे तिला भक्कम कारण होते. या नद्यांवरील जलपाशांतून (जहाज वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांतून, म्हणजे ‘लॉक’मधून) जाता यावे म्हणून जहाजाची रुंदी साधारण 11.4 मीटरच्या आत ठेवावी लागते आणि लांबी 135 मीटरच्या पुढे नेता येत नाही. एवढ्या अरुंद जहाजात मध्ये मार्गिका आणि दोन्ही बाजूंना केबिन बसवल्यावर, त्यातून पुन्हा बाहेरचा सज्जा काढायचा म्हणजे खोलीचा घास घ्यायचा. त्यामुळे काच खाली घेऊन खोलीचेच टोक उघडे करणे हा शहाणपणाचा तोडगा होता. नदीवर लाटा नसतात, वेग कमी असतो, किनारा हाकेच्या अंतरावर असतो, आणि प्रवासाचा मुख्य हंगाम असलेल्या महिन्यांत मध्य युरोपाची हवा उघडी खिडकी सुखाची वाटावी अशी असते.

सागरी जहाजाची स्थिती याच्या उलट होती. सँ-नाझेरच्या गोदीला 11.4 मीटरची मर्यादा नव्हती. समुद्रपर्यटनात खासगी बाल्कनीचे आकर्षण तीसहून अधिक वर्षे जोपासले गेले होते. 1984 मध्ये आलेल्या पहिल्या ‘रॉयल प्रिन्सेस’ने सर्व केबिन बाहेरच्या बाजूला ठेवून आणि बाल्कन्यांची संख्या वाढवून जी दिशा दाखवली, तिच्यामागे सगळा उद्योग गेला. बाल्कनी ही चैन न राहता सर्वसाधारण अपेक्षा बनली. त्या अपेक्षेचा मोबदला घेतच जहाजे मोठी झाली. अशा बाजारात बाल्कनी आत ओढून घ्यायची, तर बदल्यात प्रवाशाला ठोस काही मिळायला हवे होते. जे मिळाले ते मुख्यतः ऐसपैसपणाची भावना होती.

दुसरा फरक हवामानाचा. ‘एज’ची सुरुवात कॅरिबियन समुद्रात झाली. तेथील हवेचे गणित कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, तरी आकडा देतो. तापमान 30 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 75 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 25 अंशांवर येतो. याचा अर्थ, 21-22 अंशांपर्यंत गार केलेल्या खोलीत ही हवा शिरली की थंड आरसा, काच, टेबलाचा पृष्ठभाग, कॅमेऱ्याची भिंग, सगळ्यांवर दव धरते. उघड्या बाल्कनीचे दार प्रवासी दोन सेकंद उघडतो आणि मागे लावून घेतो. येथे मात्र बाहेरची हवा घेण्यासाठी खोलीची भिंतच उघडायची असते. आतील घडीची दारे मिटलेली नसताना काच खाली घेतली, तर वातानुकूलन आपोआप थांबते. हे करणे यंत्रणेला भागच आहे, अन्यथा संपूर्ण कॅरिबियन समुद्र गार करण्याचा प्रयत्न होईल.

बाहेरची हवा आत आली तरी वारा येतोच असे नाही, ही तक्रार ऐकायला विचित्र वाटते, पण तिचे कारण साधे आहे. 20 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 37 किलोमीटर वेगाने चाललेल्या जहाजाच्या बाहेर आलेल्या सज्जावर उभे राहिले की जहाजाच्याच गतीचा वारा अंगावर येतो. सपाट काचेच्या भिंतीत वरचा अर्धा भाग उघडला, तर तो वारा भिंतीला समांतर निसटून जातो. हवा खेळण्यासाठी समोरासमोर दोन वाटा लागतात, आणि केबिनचे मार्गिकेकडील दार आगीच्या सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होणारे असते. परिणामी खोलीत दमटपणा येतो, झुळूक येत नाही.

दोन माणसे, एक खोली

क्षेत्रफळ आणि हवामान यांपेक्षाही या प्रकरणाचा गाभा मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. क्रूझवरील केबिन बहुधा दोघांची असते, आणि दोघांच्या झोपेच्या वेळा क्वचितच जुळतात. एकाला पहाटे साडेपाचला बंदरात शिरणारे जहाज पाहायचे असते, दुसऱ्याला आठपर्यंत अंधार आणि गारवा हवा असतो. जुन्या बाल्कनीचा खरा उपयोग येथे होता. जाड पडदा ओढून, सरकते दार मागे लावून एक जण चहाचा कप घेऊन बाहेर बसत असे आणि आत झोपलेल्याला त्याचा पत्ताही लागत नसे. एकाच केबिनमध्ये एकाच वेळी दोन हवामाने, दोन उजेड आणि दोन दिनक्रम नांदत असत. बाल्कनीचे मोल सज्जाच्या चौरस फुटांइतकेच त्या मधल्या दारात होते.

नव्या रचनेत मधली दारे आहेत, पण ती काचेची आणि अनेक घड्यांची आहेत. ती पूर्ण मिटण्यासाठी खुर्च्या हलवाव्या लागतात, आणि मिटल्यावर मोठेपणाचा आभास, जो या केबिनचा मुख्य विक्रीमुद्दा होता, तोच नाहीसा होतो. प्रवाशांच्या तक्रारींत पडद्याचा मुद्दाही वारंवार येतो. अंधार करणारा पडदा बाहेरच्या काचेवर बसवलेला असल्यामुळे समुद्र पाहण्यासाठी तो वर घेतला की उजेड थेट पलंगावर येतो. त्यातून एकाला आपली पहाट सोडावी लागते किंवा दुसऱ्याला आपली झोप. भिंतीची जागा बदलताना रचनाकारांनी एकट्या माणसाच्या नजरेने खोली पाहिली असावी, असे मला वाटते. छायाचित्रातही खोलीत बहुधा एकच माणूस असतो आणि तो जागा असतो.

दृश्याविषयीची कुरकूरही दखल घेण्याजोगी आहे. अमेरिकेच्या 2010 च्या क्रूझ सुरक्षा कायद्याने कठड्याची उंची किमान 42 इंच, म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर ठरवली आहे. अमेरिकेतील बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या सर्वच मोठ्या क्रूझ जहाजांना ते बंधन आहे. पण नेहमीच्या बाल्कनीत कठड्याखाली सलग काच आणि वर मोकळी हवा असते, तर येथे काच बंद असताना दोन भागांच्या सांध्याची आडवी पट्टी कायम समोर राहते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची पातळी साधारण तेथेच येते. क्षितिज पाहायला बसावे आणि क्षितिजावर पट्टी यावी, हे खटकणारच.

बटण कोणाच्या हाती

वारा-लाटा वाढल्या की या काचा ब्रिजवरून, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षातून, कुलूपबंद करता येतात. सुरक्षेच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच आहे, कारण उघडी राहिलेली काच म्हणजे खोलीत शिरणारे पाणी. पारंपरिक बाल्कनीच्या बाबतीत वादळात बाहेर जाऊ नका, अशी घोषणा होते आणि दार उघडायचे की नाही हे सहसा प्रवाशाच्या शहाणपणावर सोपवले जाते. नव्या केबिनमध्ये कप्तानाचा निर्णय थेट खोलीच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. अशा दिवशी बाल्कनी-केबिनचे भाडे भरलेल्या प्रवाशाकडे उरते ती मोठ्या खिडकीची केबिन. ही खिडकी सुंदर आहे, हे मान्य केले तरी खिडकीच्या केबिनचा दर वेगळा असतो.

समाधानी प्रवासी कोण, हे पाहिले म्हणजे निदान पक्के होते. थंड प्रदेशात ही खोली आपले गुण दाखवते. ‘एज’ 2023 च्या डिसेंबरपासून काही काळ सिडनीहून आणि 2024 च्या उन्हाळ्यात अलास्कात चालवले गेले. अलास्काच्या हिमनद्यांसमोर बोचऱ्या वाऱ्यात सज्जावर कुडकुडण्यापेक्षा काचेआड उबेत बसून त्या पाहणे अनेकांना पसंत पडेल. एकट्याने प्रवास करणाऱ्याला झोपेच्या वेळांची अडचण नाही. बाल्कनीत क्वचितच बसणाऱ्याला मोठी खोली हा निव्वळ फायदाच आहे. नदीवर जी कल्पना चालली ती ज्या परिस्थितीत चालली, तिच्याशी जितके साम्य अधिक तितके समाधान अधिक, असा हा सरळ संबंध आहे.

कंपनीची भूमिका आणि प्रवाशापुढील मार्ग

कंपनीने माघार घेतली नाही. ‘एपेक्स’, 2022 मधील ‘बियाँड’, 2023 मधील ‘असेंट’ आणि 2025 च्या अखेरीस आलेले ‘एक्सेल’ या त्याच वर्गातील सर्व जहाजांवर इन्फिनिट व्हरांडा कायम राहिला. जहाजांचा मूळ सांगाडा एकदा ठरला की बाहेरची भिंत आत सरकवणे म्हणजे जवळजवळ नवे जहाज आखणे असते, हे त्याचे एक कारण मानता येईल. केबिन भरत असतील तर तसे करण्याचा दबावही राहत नाही. याच समूहातील रॉयल कॅरिबियनने 2024 च्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर मात्र वेगळा मार्ग निवडला. तेथे काही केबिनना ‘इन्फिनिट’ बाल्कनी आहे आणि काहींना नेहमीची उघडी. दोन्ही गट वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. माझ्या मते ‘एज’वर पहिल्याच दिवशी हे झाले असते, तर नाराजीचा मोठा भाग उद्भवलाच नसता. पर्याय ‘एज’वरही होते, पण थोडे: जहाजाच्या मागील टोकाच्या ‘सनसेट व्हरांडा’ केबिनना पारंपरिक बाल्कनी आहे आणि वरच्या दराच्या काही सुइट्सनाही. बाजूच्या नेहमीच्या केबिनमध्ये ती शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नव्हते.

प्रवासानंतर दाद मागण्याचा मार्ग या प्रकरणात अरुंद आहे. खिडकी उघडते आणि आरक्षणाच्या वेळी तिचे चित्र दाखवलेले असते, त्यामुळे सेवेतील उणीव सिद्ध करणे कठीण. त्यात भर म्हणजे तिकिटावरील करार बहुधा अमेरिकेतील ठरावीक न्यायालयाचेच अधिकारक्षेत्र मान्य करायला लावतो, आणि अशी अट वैध असल्याचा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट या खटल्यात दिलेला आहे. ठाण्यातून किंवा नाशिकमधून आरक्षण करून मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आणि तेथून आठवडाभराच्या कॅरिबियन सफरीवर निघालेल्या ज्येष्ठ दांपत्याला त्या न्यायालयाच्या पायऱ्या चढणे परवडणारे नाही. त्यांनी जे करायचे ते आरक्षणापूर्वी. केबिनच्या वर्गाचे पूर्ण नाव एजंटकडून लेखी घ्यावे, क्षेत्रफळ व्हरांडासह की त्याविना हे विचारावे, आणि उघडी बाल्कनी अत्यावश्यक असेल तर डेकच्या नकाशावर मागील टोकाच्या केबिन आधी पाहाव्यात.

केबिन आधीच ठरलेली असेल, तर उष्ण प्रदेशात वापराचा क्रम बदलून बराच त्रास टाळता येतो. काच उघडण्यापूर्वी घडीची दारे पूर्ण मिटावीत, म्हणजे झोपण्याची जागा गार राहते. खुर्च्या पहिल्याच दिवशी अशा लावून घ्याव्यात की दारे मिटताना त्या हलवाव्या लागणार नाहीत. कॅमेरा काही वेळ आधी व्हरांड्याच्या पट्ट्यात ठेवला तर भिंगावर दव धरत नाही. पहाटे उठणाऱ्याने झोपणाऱ्यासाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी सोबत न्यावी.